पाचवं शील आणि पांढरी गोळी

ढाणकी
१८ जानेवारी १९५९

दादा,

सत्यशीलाचा तुला आणि नलूवहिनीला जय भीम. पहिलं भांडण नावाचं. दीक्षा घेऊन नाव बदलल्याला दोन वर्षं उलटली, इथल्या पोस्टमनच्या तोंडातसुद्धा नवं नाव बसलं, आणि सख्ख्या भावाच्या पाकिटावर अजून 'सटवाबाई'! पुढच्या वेळी पत्र परत पाठवीन.

दुसरी गोष्ट चांगली आहे. दिवाळीनंतर तू मला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलंस, डॉक्टरांनी त्या पांढऱ्या गोळ्या दिल्या, तेव्हापासून मिरगीचा एकही झटका आलेला नाही. लग्नाआधीपासून पाठीस लागलेलं दुखणं. जोडा हुंगवून झाला, कांदा हुंगवून झाला, दंडाला दोरे बांधून झाले, आणि काम झालं ते एवढ्याशा गोळीनं.

सुजाता आता रांगते. पावसाळ्यात ती मांडीवर असतानाच मला चुलीपाशी झटका आला होता, आणि सासूबाईंनी तिला ओढून घेतलं होतं. तेव्हापासून पोर माझ्याकडे फक्त पाजायला येते, तेही कुणी समोर बसलं असेल तर. मी सासूबाईंना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. पण आपलंच लेकरू मागून घ्यावं लागतं, हे फार लागतं रे. आता झटके थांबले तशा त्या जरा निवळल्या आहेत. परवा म्हणाल्या, "उन्हाया येऊ दे. तवापर्यंत नीट राह्यली त पोट्टी तुह्याच जवय निजवजो." मी तेव्हापासून उन्हाळ्याची वाट पाहते आहे. ढाणकीत उन्हाळ्याची वाट पाहणारी मी एकटीच असेन.

पण गोळ्या संपत आल्या. सुजाताचे बाबा चिठ्ठी घेऊन पुसदला गेले होते. औषधाच्या दुकानदारानं चिठ्ठी पाहिली आणि काढलेली बाटली परत आत ठेवली. म्हणाला, "जुन्या चिठ्ठीवर देता येत नाई. हे गुंगीचं औषध हाय. नशेच्या मालावानी याच्यावर सरकारची नजर रायते. नवी चिठ्ठी आना." नवी चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर नागपूरला, आणि पुसदच्या खाजगी डॉक्टरची फी ऐकून हे दारातूनच परत फिरले. घरी येऊन त्यांनी दुकानदाराचं बोलणं ओसरीवर सगळ्यांसमोर जसंच्या तसं सांगितलं.

तुला काही करता येईल का?

तुझी सत्यशीला


नागपूर
३० जानेवारी १९५९

चिरंजीव सत्यशीलाबाईंस,

दादाचा जय भीम आणि आशीर्वाद. पाकीट पाहिलंस ना? नाव ठळक लिहिलं आहे. पोस्टमनला दाखव.

मंगळवारी गिरणीत पाळी बदलून घेतली आणि दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, रोगी आणा. मी म्हटलं, साहेब, ढाणकी म्हणजे काही सीताबर्डी नाही, की हाक मारली आणि आली. मोटारी बदलत यायचं, अंगावर पिणारं पोर, त्यात कापूस वेचायचे दिवस. त्यांनी वर पाहिलंच नाही. मग मी तिथेच बाकावर ठाण मांडलं. ते जेवायला निघाले तर दारात मी. जेवून आले तर दारात मी. शेवटी कंटाळून त्यांनी उन्हाळ्यापर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या लिहून दिल्या, सरकारी खात्यातून, फुकट. तुझ्या भावाला बुद्धी बेताचीच, पण चिकाटी मुंगळ्याची आहे.

डॉक्टरांनी बजावलं आहे ते नीट वाच. गोळी एक दिवसही चुकवायची नाही. बरं वाटतं म्हणून तर मुळीच सोडायची नाही; एकदम सोडली तर झटके जास्त जोरानं येतात. सुरुवातीला डोळ्यांवर झापड येते, ती पुढे कमी होते. नलूनं गोळ्या सुजाताच्या झबल्यात गुंडाळून पार्सल शिवलं आहे.

पण दर वेळी मी असा बाकावर बसलो तर एक दिवस मलाच तिथे भरती करून घेतील. तिकडच्या सरकारी दवाखान्यात विचारून पाहा. औषध तुला गावात मिळालं पाहिजे. ज्याचा भाऊ नागपुरात नाही त्यानं काय करायचं?

तुझा दादा बाबाराव


ढाणकी
२४ फेब्रुवारी १९५९

दादा,

पार्सल मिळालं. झबलं सुजाताला ऐसपैस होतं, म्हणजे पुढच्या वर्षीही होईल. वहिनीला माझा जय भीम सांग.

गोळ्यांची काळजी करू नकोस, आणि पुन्हा पाठवायचा खटाटोपही नको. इथं सोय झाली आहे. माझं बरं चाललं आहे.

खरी बातमी वेगळीच आहे. आमच्या वस्तीत दर रविवारी वंदनेनंतर मी पंचशील म्हणून दाखवते आणि एकेकाचा अर्थ सांगते. चार शीलं सगळे मोठ्यानं म्हणतात. पाचवं आलं, नशापाणी करणार नाही, की गड्यांचे आवाज घशात जातात. मागच्या रविवारी मी सरळ विचारलं, इथे तोंडानं म्हणता आणि सांजेला कुठे जाता? डोमाजीकाका सगळ्यांत जुने पिणारे. ते उठले, घरातून मडकं आणलं आणि सगळ्यांसमोर आपटलं. मागून आणखी दोघांनी आणलं. सासूबाई जो भेटेल त्याला सांगत होत्या, "माही सून हाय ते."

मला आपला बाप आठवला. त्याला कुणी असं विचारलं असतं तर आई आज असती.

पत्र लहान आहे. शेतावर जायचं आहे.

सत्यशीला


नागपूर
४ एप्रिल १९५९

सत्यशीला,

काल गिरणीच्या फाटकावर तुमच्या शेजारचा फकिरा भेटला. मी हौसेनं विचारलं, आमची बहीण कशी आहे? तो म्हणाला, "तुमाले नाई मालूम? चुलीवर पडली ते. मनगट भाजलं. होयीपासून दोन-तीन डाव झालं."

आणि तू लिहितेस, बरं चाललं आहे!

इथं सोय झाली म्हणतेस ती कसली सोय? दवाखान्यातून तुला खडूचे तुकडे देतात काय? का मी पाठवलेल्या गोळ्या तुझ्या पोटात जातच नाहीत? माझ्या मनात आहे ते लिहितो. तुझ्या सासूनं, कौसल्याबाईंनीच, त्या डबीची वाट लावली असणार. सून आजारी राहिली की नात आपल्या ताब्यात राहते. तुझा भीमराज तर आईसमोर तोंड उघडणारा माणूस नव्हे. मी रजा टाकतो आणि तुला नि सुजाताला इकडे घेऊन येतो. मग बघू कोण अडवतं.

नलू म्हणते, आधी विचारा, मग ओरडा. म्हणून विचारतो. गोळ्या कुठे आहेत? उलट टपाली उत्तर पाहिजे.

बाबाराव


ढाणकी
१७ एप्रिल १९५९

दादा,

गोळ्या डबीतच आहेत. तू पाठवलेल्या सगळ्या. एकही घेतली नाही. इथं सोय झाली हे मी खोटं लिहिलं.

सासूबाईंना एक शब्दही बोलायचा नाही. त्यांना काही ठाऊक नाही. मी रोज डबी उघडते आणि मिटते, त्यांना वाटतं गोळी घेतली. भाजलेल्या हाताला कोरफड त्याच लावतात, माझ्या वाटचं पाणीही त्याच भरतात. मात्र होळीपासून सुजाता त्यांच्या कुशीत निजते आणि तिला वरचं दूध सुरू केलं आहे. उन्हाळा आला, दादा. माझी वाट पाहून झाली.

का सोडल्या ते सांगते. दुकानदाराचं बोलणं मी आधी मनावर घेतलं नव्हतं. एक दिवस उरलेल्या जुन्या गोळ्यांतली एक घेऊन तांदूळ निवडत बसले होते. डोळे जड झाले होते. सासूबाई सहज म्हणाल्या, "काहून वं, डोये कसे दारू पेल्यावानी दिसून राह्यले तुये?" आणि हसल्या. मी आरसा घेऊन पाहिलं. दादा, आरशात आपल्या बापाचे डोळे होते.

त्याच आठवड्यात डोमाजीकाकांनी मडकं फोडलं. माझ्या सांगण्यावरून. त्यांनी मडकं फोडायचं आणि मी घरात डबी जपायची? उद्या गडी म्हणतील, हिला सरकारी नशा मिळते, आपल्याला मिळत नाही एवढाच फरक. ते खरं असलं तर मी काय बोलू?

नागपूरला दीक्षेच्या दिवशी तू माझ्या शेजारीच उभा होतास. त्या दिवसाआधी माझा शब्द कुणी मागितला नव्हता. आपल्यासारख्यांचा शब्द घेऊन कोण काय करणार? त्या दिवशी पहिल्यांदा मी शब्द दिला आणि मला वाटलं, मी कुणीतरी आहे. तो शब्द मी एका गोळीसाठी कसा मोडू?

चौदा तारखेला जयंतीची मिरवणूक निघाली. रस्त्यात पडेन म्हणून मी घरीच होते. ढोल ऐकला.

आता तूच सांग. शील सोडू की लेकरू सोडू? मला दोन्ही जमत नाही.

सत्यशीला


नागपूर
२८ एप्रिल १९५९

सत्यशीला,

कौसल्याबाईंची मी माफी मागतो. हे वाक्य त्यांना वाचून दाखव. कशाबद्दल, ते मात्र सांगू नकोस.

तुझं पत्र वाचून मला रागावताही येईना. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक नव्हतं, म्हणून इथल्या विहारात धर्मपाल भंतेंकडे गेलो. मला वाटलं, गोळीसारख्या गोष्टीवर भंते हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "झटका आल्यावर तुमची बहीण शुद्धीत असते?" मी म्हटलं, नाही. "हात चुलीत गेला ते तिला कळलं?" नाही. "मग तिची शुद्ध कोण नेतं? गोळी की दुखणं?"

मी म्हटलं, दुखणं.

म्हणाले, "माणूस दारू पितो ती शुद्ध घालवायला. ही गोळी शुद्ध टिकावी म्हणून आहे. भिक्खूला जवळ बाळगायची मुभा असलेल्या वस्तू थोड्याच, त्यांत औषध आहे." मग झोळीतून त्यांनी स्वतःच्या दम्याच्या औषधाची बाटली काढली. "यानं मलाही झापड येते. वंदनेत डुलतो. लोकांना वाटतं, भंतेंचं ध्यान लागलं." आता मात्र आम्ही दोघंही हसलो.

एक गोष्ट त्यांनी निक्षून सांगितली. औषध लपवून घ्यायचं नाही. लपवता म्हणून ते दारूसारखं वाटतं. चारचौघांत घ्या.

तिथून डॉक्टरांकडे गेलो. गोळ्या मीच सोडल्या असाव्यात तसं त्यांनी मला फैलावर घेतलं. पहिले काही दिवस अर्धी, मग पूर्ण, झोपण्याआधी. उद्यापासून नव्हे, आजपासून.

आता माझं ऐक. बाप प्यायचा तो घर विसरायला. तू गोळी घेणार ती लेकराला धरता यावं म्हणून. डोळे कसे दिसायचे ते दिसू देत. आई गेली, बाप गेला, मला तू एकच आहेस, आणि तू चुलीत पडावंस म्हणून मी तुला दीक्षेला नेलं नव्हतं.

दादा


ढाणकी
३१ मे १९५९

दादा,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी अर्धी घेतली. बुद्धपौर्णिमेला वंदना झाल्यावर सगळ्यांसमोर उभी राहिले, डबी दाखवली, दुकानदार काय म्हणाला आणि भंते काय म्हणाले ते सगळं सांगितलं, आणि पूर्ण गोळी पाण्याबरोबर गिळली. अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं.

डोमाजीकाका लगेच, "मंग माह्यं मडकं कायले फोडलं? मलेबी खोकला हाय!" सगळे हसले. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात सासूबाई उठल्या. "दारू पेऊन तू घरच्या मानसाले ओयखत नवता, डोमाजी. इले गोयी घेऊन पोट्टी ओयखू येते. हाय का बरोबरी?" काका खाली बसले. घरी आल्यावर मात्र सासूबाईंनी मला धरून हलवलं. "मले काहून नाई सांगतलं वं? म्या हासत म्हटलं अन तू मनाले लावून घेतलं?" दोघी रडलो. आता रोज निजायच्या वेळी त्याच गोळी हातावर ठेवतात आणि तोंड उघडून दाखवायला लावतात.

बातमी पसरली. तांड्यावरून भावसिंग आला, त्याच्या मुलाला हेच दुखणं आहे. फकिराच्या मावशीलाही आहे, इतकी वर्षं शेजारी राहून मला ठाऊक नव्हतं. आणि कोण आलं असेल? विमलताई! पांढरीतल्या, म्हणजे मुख्य गावातल्या मोठ्या घरच्या, ज्यांच्या शेतात आम्ही कापूस वेचतो. मागल्या दारानं आल्या. त्यांच्या नव्या सुनेला झटके येतात. गावात कळलं तर तिचं हसं होईल आणि नात्यात कळलं तर लग्न मोडायला सांगतील म्हणतात. "मूठभर गोया दे मले, कोनाले सांगू नोको." आमच्या हातचं पाणी त्यांना चालत नाही, गोळी चालते! सासूबाई हे त्यांच्या तोंडावरच म्हणणार होत्या, मी डोळ्यांनीच थांबवलं. कारण ती पोर सतरा-अठराची आहे, आणि चूल तिलाही पेटवावी लागते.

सरकारी दवाखान्यात आम्ही जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले, यवतमाळहून औषध मागवायचं तर रोगी दाखवावे लागतात. एकट्या तुमच्यासाठी वरचे देणार नाहीत. मिरगीचा इथे कुणी येतच नाही.

विमलताईंना देऊ का गोळ्या? थोड्या उरतील.

सत्यशीला


नागपूर
९ जून १९५९

सत्यशीला,

खबरदार! गोळी म्हणजे काही हळदीकुंकवाचं वाण नाही, पदरात टाकायला. कुणाला किती द्यायची ते डॉक्टर माणूस पाहून ठरवतो. आणि तुझ्या संपल्या तर मी पुन्हा बाकावर.

तुमच्या डॉक्टरला रोगी पाहिजेत ना? तुझ्या दारात रोगी उभे आहेत. सगळ्यांनी एकाच दिवशी जा. मागल्या दारानं आलेल्यांना म्हणावं, दवाखान्याला एकच दार असतं.

घाईत आहे. भोंगा झाला.

दादा


ढाणकी
२० ऑगस्ट १९५९

दादा,

तुझं ते दाराचं वाक्य मी विमलताईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या तशाच निघून गेल्या. मला वाटलं, आता त्यांच्या शेतातलं काम गेलं.

बाजाराच्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. मी, सासूबाई, भावसिंग आणि त्याचा मुलगा, फकिराची मावशी. बाकावर बसलो होतो, तोच पडदा लावलेली बैलांची दमणी थांबली. विमलताई उतरल्या, मागे घुंघट घेतलेली सून. रांगेतली अर्धी माणसं त्यांच्या ओळखीची. एकानं विचारलं, "ताई, तुमी इकडं कायले?" त्या मोठ्यानं म्हणाल्या, "मिरगी हाय मले. या वयात माह्यं लगन कोन मोडते?" आणि सुनेला हाताला धरून सरळ डॉक्टरांच्या खोलीत. आत गेल्यावर तिलाच पुढे केलं असणार. बाहेर आल्या तर बाकावर जागा नव्हती. सासूबाई आक्रसून सरकल्या. विमलताई क्षणभर उभ्या राहिल्या, मग बसल्या. लुगड्याला लुगडं लागलं. तरी दोघींपैकी उठली कुणी नाही.

डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं आणि यवतमाळला लिहिलं. औषध यायला पावसानं उशीर केला, मोटारी बंद होत्या. पण आलं, दादा! आता दर महिन्याला चिठ्ठी इथेच मिळते, गोळ्याही इथेच, फुकट. भावसिंगचा मुलगा शाळेत जाऊ लागला. मला पौर्णिमेपासून काही झालेलं नाही. डोळ्यांवरची झापडही उतरली. आरशात आता माझेच डोळे असतात.

सुजाता मात्र अजून आजीपाशीच निजते. सासूबाई काही म्हणत नाहीत आणि मी मागत नाही. मागून घ्यायचं नाही असं मी ठरवलं आहे. विश्वास बसेल तेव्हा त्याच देतील.

सत्यशीला


ढाणकी
५ फेब्रुवारी १९६०

दादा,

उशीर झाला म्हणून रागावू नकोस. दिवाळीत दवाखान्यातल्या गोळ्या संपल्या आणि नवीन येईनात. पूर्वी असतं तर घरी बसून तुला लिहिलं असतं. या वेळी आम्ही सगळे मिळून गेलो. भावसिंग दारात तुझ्यासारखाच ठाण मांडून बसला, विमलताईंनी कंपाउंडरला असं धारेवर धरलं की बिचारा त्याच दिवशी मोटारीनं यवतमाळला पळाला. एकाचीही गोळी चुकली नाही. पुढेही अडेल, मला माहीत आहे. पण आता अडलं तर विचारायला जाणारे आम्ही एकटे नाही.

मी धडधाकट आहे. पुढचं मी लिहीत नाही. सासूबाई शेजारी बसून सांगत आहेत, एक अक्षर बदलायचं नाही अशी तंबी आहे.

"बाबाराव भाऊ, जय भीम. मी कौसल्या बोलून राह्यली. माफी कायची मागतली ते तुमच्या बहिनीनं नाई सांगतलं, पन मले समजलं. म्यातारी हाय, खुयी नाई. जाऊ द्या ते.

नागपूरच्या डॉक्टरनं वर्साची तपासनी सांगतली होती, तं तुमची बहीन पुढच्या सोमवारी तिकडं येऊन राह्यली. भीमराज म्हने, मी संग जातो. म्या म्हटलं, काई गरज नाई. ते एकटी येते. एकटी म्हंजे सुजाताले घेऊन. म्याच सांगतलं तिले, तुही पोट्टी हाय, तू घेऊन जाय. आयकून ते रडाले लागली, म्हून हे पत्र जरासं वलं झालं.

पोट्टी आता पयते, जड बी झाली. तुमी मोटारीच्या अड्ड्यावर घ्याले या. गाठोडं घ्या, डबा घ्या. पन मामा हाय म्हून मोटारीतून उतरल्याबरोबर पोट्टीले हिसकू नोका. ते तिच्या मायच्याच कडेवर राहू द्या."